हिरवा पेला आणि तुझी रोझा

विजू,

तुझी ती रोझा रडली. तुझ्या घरात, तुझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्यादेखत रडली. तुझ्या लेकाने, समीरने, लॅपटॉप उघडून ठेवला होता, तुझ्या हार घातलेल्या फोटोच्या बाजूला, आणि त्यात चौकोनाचौकोनात बसलेली ती तुझी देशोदेशीची माणसं. कोणी मेणबत्ती लावलेली, कोणी नुसतीच मान खाली घातलेली. मी स्वयंपाकघरात आल्यागेल्याचा चहा करत होते. गाळणं हातात घेऊन बाहेर आले तर ही बाई हुंदके देतेय, आणि तुझ्या जावा-नणंदा तिच्याकडे बघून डोळ्यांना पदर लावतायत. मला तोवर रडायला आलं नव्हतं. मग तर येईचना. म्हटलं, रडू दे तिला, तिलाच जास्त झालंय. आणि मी परत आत जाऊन दुसरं आधण ठेवलं.

असलं काही मनात आलं की मी तुलाच सांगायचे, आणि तू म्हणायचीस, "हेमे, किती गं जळशील!" हो, जळते. तेव्हा जळत होते, आत्ताही जळतेय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहायचं असतं म्हणे. ते इतरांनी लिहावं. समोरच्या नलिनीवहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंच आहे, 'एक मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले.' मनमिळाऊ! पार ब्राझीलपर्यंत मिळालीस, ते खरं.

आणि ती रोझा तुला मिळाली कोणामुळे? माझ्यामुळे. हे तू तिला कधी सांगितलंस का, देव जाणे. तो व्हिडिओ मीच पाठवला होता तुला. पांढरा कोट, गळ्यात डॉक्टरची नळी, आणि कारल्याच्या पानांचा हिरवागार रस पेल्यात ओतून दाखवणारा तो बाबा. वरून मराठीत आवाज, 'ब्राझीलचे प्रसिद्ध डॉक्टर सांगतात, साखरेच्या गोळ्या आजच बंद करा.' चांदीपच्या माझ्या नणंदेने मला पाठवला, तुला साखर म्हणून मी तुला. किती मायेने पाठवला होता! आणि तू संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर टेकल्या टेकल्या विचारलंस, "तुला कोणी पाठवला?"

"नणंदेने."

"तिला कोणी?"

"मला काय माहीत! ती काय खोटं बोलेल?"

"ती खोटं नाही गं बोलत. तिला कोणी पाठवला, एवढंच विचारतेय."

माझं डोकंच फिरलं होतं. म्हटलं, आता आपल्या माणसावरही विश्वास ठेवायचा नाही का? तू म्हणालीस, "माणसावर ठेव. त्याच्या फोनवर कशाला ठेवतेस?" हे आपलं भांडण तेव्हा सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुला वाटायचं तू जिंकलीस. मला वाटायचं, जो माणूस प्रत्येकाला 'कोणी सांगितलं, कोणी सांगितलं' विचारत बसतो, त्याला कोणी काही सांगायचंच बंद करतं. आणि झालंही तसंच. मी तुला काही पाठवायचं बंद केलं. तुझ्या लक्षात तरी आलं का गं ते?

तू मात्र हट्टाला पेटलीस. विमा कंपनीत जन्मभर टायपिंग केलेली बाई, निवृत्त झाल्यावर रांगोळीचा क्लास लावायच्या गोष्टी करत होतीस. ते राहिलं. त्या व्हिडिओखाली ब्राझीलच्या एका बाईने काहीतरी लिहिलं होतं, तिलाच फोनमधून भाषांतर करून विचारलंस, हा तुमचा डॉक्टर खरा आहे का? आणि तिचं उत्तर आलं, आमचा कुठला? आमच्याकडे तर हा तुमचा आहे, भारतातला मोठा वैद्य! तू ते वाचून बाकावर इतकी हसलीस की वॉचमन धावत आला. व्हिडिओ तोच, कोट तोच, पेला तोच. फक्त आवाज वेगळा. इकडे तो तिकडचा, तिकडे तो इकडचा. फिलिपाइन्सची ती नेनिता, तिच्या देशात तर तो तिसऱ्याच कुठल्या गावचा होता. कारल्याचा वेल सगळ्यांच्या परसात, आणि डॉक्टर मात्र नेहमी लांबचा, जिथे जाऊन कोणी विचारणार नाही.

तुम्ही असलं फिरतं खोटं पकडायला देशोदेशीचा ग्रुप केलात आणि विचारलंत. एवढंच तुमचं काम, आणि ते काम मोठं होतं, मी नाही म्हणत नाही. पण ब्राझीलची सकाळ नेमकी आपल्या संध्याकाळी उजाडते, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! चंदनसारच्या नाक्यापर्यंत जायचं, भाजी घ्यायची, बाकावर बसून ती निवडायची, निवडता निवडता अख्ख्या बिल्डिंगची उणीदुणी काढायची, हे आपलं किती वर्षांचं. आणि आता मेथीची अर्धी जुडी निवडून होते न होते तोच तुझा फोन टिणटिणायचा. तू उठायचीस. "रोझा उठली वाटतं," म्हणायचीस, आणि चेहरा असा फुलायचा की माझ्या हातातली मेथी मला तिथेच टाकावीशी वाटायची. मी कधी सकाळी उठले म्हणून तुझा चेहरा असा फुलला होता का?

मग रोझा काय म्हणाली, नेनिताने काय शोधलं. कुठल्या तरी पुराच्या फोटोतल्या दुकानाची पाटी कोणत्या लिपीत, झाडाची सावली कुठल्या बाजूला, बायकांनी साडी कशी नेसली आहे. साडीवरून तर तू एकदा अख्खा व्हिडिओच पकडला होतास, हा या वर्षीचा नाही आणि इथलाही नाही म्हणून. त्या दिवशी पेढे वाटायचीच बाकी होतीस. तुमचे नियमही मला तोंडपाठ झाले होते, मी न विचारता. ज्या गावची गोष्ट, त्या गावच्या माणसाचा शब्द शेवटचा. आणि माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणायचं, त्याला कोणी हसायचं नाही. तू म्हणायचीस, "हेमे, इतकी शिकलेली माणसं आहेत, पण 'माहीत नाही' म्हणायला लाजत नाहीत गं." मी म्हटलं होतं, मी रोज शंभरदा म्हणते, मला कोणी ग्रुपमध्ये घेत नाही. तू हसलीस. पण 'ये की' म्हणाली नाहीस. ते मी विसरलेले नाही.

म्हणून मी तो फोटो लावला, विजू. का लावू नये? त्या दिवशी लॅपटॉपवर रोझाने तुझे फोटो दाखवले. तुझ्याच घरातले, तुझ्याच खुर्चीतले, तिच्याशी बोलताना तिने टिपलेले. एकात तर तू माझी पांघरायची शाल घेऊन बसली होतीस! सगळे बघत राहिले. मला म्हणायचं होतं, बायांनो, ही काय विजू आहे? खुर्चीत बसलेली, चष्मा घातलेली? विजू बघायची असेल तर माझ्याकडची बघा. घरी आले आणि माझ्या माहेरचा, गासचा तो फोटो माझ्या स्टेटसला लावला. खाली काही लिहिलंसुद्धा नाही.

तो दिवस तुला वेगळा सांगायला नको, पण मला सांगायचाय. थंडीचे दिवस. वालाच्या शेंगा आणायच्या म्हणून तुला मी माहेरी गासला घेऊन गेले. दादाने पडवीत खाट टाकली. वाडीतल्या ताडाची ताडी उतरवून ठेवलेली मडक्यात. तू राजापूरकडची, बँकेच्या रांगेतसुद्धा 'जरा सरकता का' म्हणायला लाजणारी. तू विचारलंस, "हे काय?" दादा म्हणाला, "घे गो बाय, सकालची हाय, निस्ता गोड पानी." आईच्या वेळचे ते जाड हिरव्या काचेचे पेले त्याने काढले. सकाळची म्हणाला खरा, पण सूर्य डोक्यावरून कलला होता आणि मडक्याला फेस आला होता, हे मला दिसत होतं. मी बोलले नाही. तू एक पेला घेतलास, मग म्हणालीस, "हेमे, आणखी आहे का गं?" मग आपण दोघी त्या खाटेवर जे काही हसलो! वहिनीने आतून येऊन बघितलं आणि पुन्हा आत गेली. तू पेला वर धरून, तोंड उघडं, काहीतरी म्हणत होतीस, आणि मी फोटो काढला. मग तू माझा हात धरून शपथ घातलीस, समीरला, तुझ्या जावांना, बिल्डिंगमध्ये, कोणाकोणाला कळता कामा नये. माझ्या गळ्याची शपथ. रिक्षात बसल्यावरही पुन्हा घातलीस. मी पाळली. इतकी वर्षं पाळली. तुझ्याबद्दलची एकच गोष्ट होती जी समीरला माहीत नव्हती, रोझालाही नव्हती. फक्त मला होती.

आणि हिरव्या काचेत ताडी हिरवी दिसते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या स्टेटसवरून तो फोटो कोणी उचलला, मला अजून कळलेलं नाही. आधी एका ग्रुपवर आला, मग दुसऱ्या, मग चांदीपच्या नणंदेने मलाच पाठवला! पडवी कापलेली, दादाचा गुडघा दिसत होता तो कापलेला. नुसती तू आणि तो हिरवा पेला. खाली लिहिलेलं, 'विरारच्या विजयाताई. जन्मभर ज्यांनी या रसाला खोटं म्हटलं, त्या स्वतः गुपचूप हाच रस पीत होत्या. हा घ्या पुरावा. आता तरी जागे व्हा.'

तू इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलीस, त्याने तुलाच उभं केलं गं जाहिरातीला. हसता चेहरा, वर धरलेला पेला. इतकी छान जाहिरात त्यांना पैसे देऊनही मिळाली नसती.

सकाळी जिन्यात कडू वास आला. नलिनीवहिनींच्या मिक्सरचा आवाज. दार उघडंच होतं. ओट्यावर कारल्याच्या पानांचा ढीग, आणि वहिनी फडक्यातून रस गाळतायत. मी म्हटलं, "वहिनी, हे काय? गोळ्या घेताय ना?"

"गोळ्या बंद केल्या," त्या म्हणाल्या. "विजयाताईंनी इतकं सांगितलं होतं म्हणून मी इतके दिवस घेत होते हो. पण त्याच पीत होत्या, मग मी का नको?"

"अहो, खोटं आहे ते!"

"कशावरून?"

बघ. तुझाच प्रश्न. तुझ्याकडून शिकल्या आणि माझ्या तोंडावर मारला. मला काय सांगता येत होतं? की तो रस नाही, ताडी आहे? नलिनीवहिनींना? ज्यांच्याकडे दर गुरुवारी भजन असतं आणि ज्यांच्या ओठावर आलं की अख्ख्या बी विंगला कळतं? मी म्हटलं, "मी सांगते ना, माझ्यावर विश्वास ठेवा." तर त्या म्हणाल्या, "ठेवते हो. पण फोटो आहे ना." आणि माझ्यासमोर तो पेला तोंडाला लावला.

घरी येऊन मी तुझ्याशी किती भांडले! मोठमोठ्याने. शेजारच्यांना वाटलं असेल, हिला दुःखाने वेड लागलं. म्हटलं, शपथ घालून गेलीस, आता सोडव. सांगू की नको? सांगितलं तर लोक म्हणतील, ही विजयाताई, ही सगळ्यांना शहाणपण शिकवायची, आणि चोरून ताडी प्यायची. न सांगितलं तर वहिनी त्या पानांपायी जिवाला मुकतील. आणि खरं सांगू? तुझ्या नावाची काळजी अर्धीच होती. बाकी अर्धं हे, की ती एक गोष्ट माझी होती. ती दिली की माझ्याकडे तुझं वेगळं असं काय उरणार होतं?

आणि नेमका तेव्हा रोझाचा निरोप आला. मराठीत! त्या यंत्राच्या मराठीत. 'प्रिय हेमा, मी तुमच्या नुकसानासाठी क्षमस्व आहे.' नुकसान? माझं काय दुकान जळलं होतं? माझा नंबर तिच्याकडे कसा, तर तू दिला होतास, कधी अडचण आली तर म्हणून. मला न विचारता.

तो फोटो त्यांच्याकडेही पोचला होता. आता तो पोर्तुगीजमध्ये फिरत होता, 'भारतातल्या बाईने मरण्याआधी सत्य मान्य केलं.' तुझी माणसं रात्रंदिवस त्याच्यामागे लागली होती. नेनिताच्या लक्षात आलं होतं की पेल्यामागची तुझी बोटंसुद्धा हिरवी दिसतायत, म्हणजे रंग काचेचा असावा. 'परंतु असावा म्हणणे पुरेसे नाही,' रोझाने लिहिलं होतं. 'हा तुमच्या गावाचा फोटो आहे. शेवटचा शब्द तुमचा आहे. कृपया सांगा, पेल्यात काय आहे?'

मी उत्तर दिलं नाही. वाचलं आणि फोन ठेवून दिला. तुझी बोटं नेनिताने ओळखली, मला दिसली नाहीत, याचाच मला आधी राग आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रोझा. या वेळी लांबलचक. म्हणाली, तुम्ही मला ओळखत नाही पण आम्ही सगळे तुम्हाला ओळखतो. आमच्यात नवीन माणूस आला की त्याला आधी विचारतात, तू हे कोणासाठी करतोस? एकाच माणसाचं नाव सांगायचं. आणि मग जे काही तपासशील, ते त्या माणसाला समजावतोयस असं लिहायचं. त्याला हसायचं नाही, कमी लेखायचं नाही. रोझाचा भाऊ. नेनिताची आई. 'आणि विजयाची हेमा. तिचे प्रत्येक उत्तर दोन शब्दांनी सुरू होत असे. आम्हाला मराठी येत नाही, पण ते दोन शब्द आम्हा सर्वांना येतात. हेमे, ऐक.'

विजू, ते मी पुन्हा वाचलं. मग मला इतका संताप आला! हेमे? मला हेमे म्हणणारी तू एकटी. आई गेल्यानंतर तू एकटी. आणि तू ते नाव उचलून परक्या देशांत वाटलंस? ब्राझीलमध्ये कोणी भुतासारखी बाई सकाळी उठून 'हेमे, ऐक' वाचतेय, आणि इथे मी बाकावर एकटी मेथी निवडतेय? अगं, इतकं सगळं मलाच सांगायचं होतं, तर फोन ठेवून मला का नाही सांगितलंस? मी तिथेच होते. तुझ्या शेजारी बसले होते.

कदाचित सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं. तू तोंड उघडलंस की मी भांडायचे. ते तुला माहीत होतं. म्हणून आधी त्यांच्यावर सराव करायचीस का गं, माझ्याशी कसं बोलायचं त्याचा? मी आठवून पाहिलं. शेवटच्या वर्षात तू मला 'कोणी पाठवलं' असं विचारायचं सोडलं होतंस. 'चल, बघू या आपण दोघी,' म्हणायचीस. मला वाटायचं, थकली असेल.

त्या संध्याकाळी नलिनीवहिनी लिफ्टमध्ये भोवळ येऊन बसल्या. जीभ कोरडी, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी साखर तपासली आणि त्यांच्या मुलाला वाट्टेल ते बोलले. दोन दिवसांनी घरी आल्या, तर उशाशी गोळ्यांचं पाकीट तसंच, आणि फ्रिजमध्ये रसाची बाटली. म्हणाल्या, "आधी त्रास होतो, मग गुण येतो, असं लिहिलंय त्यात." मुलगा कपाळाला हात लावून बसलेला.

मी सरळ खाली उतरले, रिक्षा केली, स्टेशन ओलांडलं आणि गासला गेले. दादा वाडीत होता. म्हटलं, "आईचे हिरवे पेले कुठे आहेत?" त्याने एकच उरलाय म्हणून काढून दिला. सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाला, "मंग सांग ना तिला खरा काय ता. ताडी पिली, कोनाचा खून नाय केला." मी म्हटलं, "शपथ आहे दादा, गळ्याची." तर म्हणतो, "जिचा गला होता ती गेली, आता कोनाला भितेस?" मग पेला धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

वहिनींच्या स्वयंपाकघरात मी त्यांचंच ताक त्या पेल्यात ओतलं. पांढरंशुभ्र ताक, आणि पेला असा हिरवा की नुकताच पाला वाटून काढलाय. त्या टक लावून बघत राहिल्या. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. आधी ओरडायचं ठरवून आले होते. पण तोंडातून निघालं ते असं, "नलिनीवहिनी, ऐका."

आणि मी सांगितलं. गास, पडवी, मडकं, दादाचं 'गोड पानी', सगळं. वहिनींचा आ वासला. "विजयाताई? ताडी?" मग थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "कशी लागते हो?" मी म्हटलं, "पहिला पेला गोड लागतो." त्यांच्या मुलाने तोंड फिरवलं, खांदे हलत होते त्याचे. वहिनी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तिने शपथ घातली होती." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उठल्या, बाटली बेसिनमध्ये ओतली आणि मुलाकडे पाण्याचा ग्लास मागितला. गोळी घेतली माझ्यासमोर. म्हणाल्या, "त्या असत्या तर मला भयंकर बोलल्या असत्या." मी म्हटलं, "नाही हो. 'चला, बघू या आपण दोघी,' म्हणाली असती."

मग त्या पेल्याचे फोटो काढले, रिकामा, ताक भरलेला, मागे माझी बोटं धरून. तुझ्या त्या रोझाला पाठवले आणि लिहिलं. मराठीतच लिहिलं, म्हटलं यंत्र काय करायचं ते करेल. 'पेल्यात ताडी आहे. मी स्वतः होते. मीच फोटो काढला. पेला माझ्या आईचा.' तासाभरात ते जगभर. पोर्तुगीजमध्ये, नेनिताच्या भाषेत, आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही, मीच टाकलं. तुझ्या जावांनी वाचलं. समीरचा फोन आला, "मावशी, आईने ताडी प्यायली?" आणि तो रडतोय की हसतोय कळेना. चांदीपच्या नणंदेने अंगठा दाखवला आणि नवीन काहीतरी पाठवलं. मी पहिल्यांदाच लिहिलं, ताई, बघू या आपण दोघी.

नेनिताने लिहिलं, त्यांच्याकडेही माडाची अशीच काढतात, विजयाला एकदा बोलवणार होतो. झालं! म्हणजे ताडीतही वाटेकरी निघाली. आता तुझं काही म्हणून माझं एकटीचं राहिलं नाही, विजू. सगळ्यांना सगळं ठाऊक. 'हेमे' त्यांच्याकडे, ताडी त्यांच्याकडे, फोटो तर आधीच गेलेला.

शेवटी रोझाचा एक निरोप आला. तिने तो फोटो खूप मोठा करून बघितला होता म्हणे. 'या फोटोत विजया हसत आहे आणि तुम्हाला काही सांगत आहे. तिचे ओठ उघडे आहेत. ती काय म्हणत आहे?'

मला आठवतंय. शब्द न् शब्द आठवतोय. तू पेला वर धरलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस. तुमचा नियम, ज्या गावची गोष्ट, त्या गावच्या माणसाचा शब्द शेवटचा. आणि तिने मागितलं तेही किती हळुवारपणे मागितलं. तुझ्याशिवाय तिचीही सकाळ सुनी जात असेल, कळतं मला. न कळायला मी दगड नाही.

मी लिहिलं, 'माहीत नाही.'

तिने लगेच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. 'प्रामाणिक उत्तराबद्दल आभार, हेमा.' कोणी विचारलं नाही, कशावरून म्हणून. मी फोन पालथा घातला, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडले, तिला दिसणार नाही अशी.